ट्विन पीक्स: ती लाल पडद्यांची खोली नक्की कुठल्या लोकात आहे?

नववी_गल्ली_राजारामपुरी

राम राम मंडळी. ट्विन पीक्स शेवटपर्यंत बघितलेलं इथं कुणी असेल तर मदत करा, आमच्या खोलीत भांडणं लागलीत. खाली सगळं फोडलेलं आहे, तेव्हा न बघितलेल्यांनी इथूनच परत फिरा.

ज्यांना विसरायला झालंय त्यांच्यासाठी: डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांची १९९० ची मालिका. लॉरा पामर नावाच्या पोरीचं प्रेत प्लॅस्टिकात गुंडाळलेलं सापडतं, एफबीआयचा कूपर तपासाला येतो आणि खुनी शोधता शोधता गडी थेट दुसऱ्या लोकात जाऊन पोचतो. १९९१ मध्ये मालिका बंद पडली ती त्याला तिथंच अडकवून. मग २०१७ मध्ये अठरा भाग आले आणि होता नव्हता तो उलगडाही गेला.

भांडण असं. माझा एक रूममेट म्हणतो लाल खोली, म्हणजे कूपर अडकतो ती लाल पडद्यांची जागा, हाच ब्लॅक लॉज (दुष्ट आत्म्यांचं ठिकाण; चांगल्यांचा तो व्हाइट लॉज). दुसरा म्हणतो नाही, ती फक्त वेटिंग रूम, ब्लॅक लॉज आपण कधी बघितलाच नाही. मी चार्ट पेपरवर नकाशा काढायला घेतला: मधे लाल खोली, वर फायरमन नावाच्या भल्या आत्म्याचा जांभळ्या समुद्रातला वाडा (हा व्हाइट लॉज का?), खाली ते दुकानाच्या माडीवरचं हिरवं टेबल आणि लाकूडतोड्यांच्या रूपातली भुतं. पण अठराव्या भागातलं ओडेसा कुठं बसवायचं ते कळेना. तिथं लॉरा कॅरी पेज आहे, पामरांच्या घरात भलतीच बाई राहते, आणि कूपर विचारतो हे साल कुठलं. हे तिसरं विश्व? स्वप्न? की सापळा?

कुणाकडे पटणारी थिअरी असेल तर सांगा. दुसऱ्या रूममेटने पैज लावली आहे, हरलो तर महिनाभर भांडी माझ्याकडे.

उलटा_आवाज

थिअरी नाही, पण त्या खोलीतली भाषा कशी केली ते सांगतो. नटांनी वाक्यं उच्चारानुसार उलटी पाठ करून म्हटली आणि ते रेकॉर्डिंग परत उलटं वाजवलं. म्हणून शब्द कळतात, पण श्वास चुकीच्या जागी येतो. चालण्याचंही तसंच, मागं चालत जायचं आणि फिल्म उलटी फिरवायची. तो बुटका माणूस झालेल्या मायकल अँडरसनला लहानपणापासूनच उलटं बोलायचा नाद होता, त्यामुळं त्याला सोपं गेलं.

मी मोबाइलवर करून बघितलं. 'जेवलास काय' चं उलटं साधारण 'याक साल्वेज'. बहिणीला म्हणायला लावलं, उलटवलं, तर आमचीच ताई कुठल्या तरी विहिरीतून जेवणाची चौकशी करतेय असं वाटलं. आईनं फोन काढून घेतला.

विंगेतला

नववी गल्ली, तो नकाशा जरा बाजूला ठेव मर्दा.

मी नाटकांची प्रकाशयोजना करतो. म्हणजे पाटीवर नाव असतं प्रकाशयोजनाकार आणि खरं काम डिमरवर, दिवे कमीजास्त करायच्या यंत्रावर, बसायचं. राज्य नाट्य स्पर्धेच्या कोल्हापूर केंद्रावर बरीच नाटकं केलीत, केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ च्या ऑगस्टमध्ये जळायच्या आधी तिथंही भरपूर. त्यामुळं ती लाल खोली मी पहिल्यांदा बघितली ती धंद्याच्या नजरेनं. भिंत नाही, दार नाही, छत दिसत नाही. पडदा सारला की बोळ, बोळाच्या शेवटी पडदा, तो सारला की परत तीच खोली. खाली काळी-पांढरी नागमोडी पट्टी, दोन-चार खुर्च्या, दिवा, व्हीनसचा पुतळा. हा लागलेला सेट आहे राव, फक्त चारी बाजूंनी दर्शनी पडदा सोडलाय. प्रेक्षक कुठल्या अंगाला बसलेत ते कळायची सोय ठेवलेली नाही. आत उभ्या असलेल्या माणसाला आपण रंगमंचावर आहोत की पडद्यामागं, हेच समजत नाही.

आता विंगेत काय असतं ते सांगतो, कारण माझी थिअरी तिथंच आहे. तिसरी घंटा झालेली असते, एन्ट्रीला थोडा वेळ असतो आणि नट तिथं उभा असतो. घरून निघालेला माणूस तो राहिलेला नसतो आणि पात्रही अजून झालेला नसतो. एका एकांकिकेत आमचा एक नट पोटच्या पोरीला मारणाऱ्या बापाचं काम करत होता. एन्ट्रीच्या आधी तो माझ्या शेजारी उभा राहून नाश्त्याच्या पुड्यातला उरलेला बेसनाचा लाडू रुमालात बांधत होता, घरी धाकटीला न्यायला. आणि बांधता बांधता तोंडानं खालच्या आवाजात पहिल्या प्रवेशातल्या शिव्या म्हणत होता. गाठ मारताना हात इतका हळुवार, आणि तोंडात ते. मी 'ओ' म्हणून हाक मारली तर त्यानं बघितलं, पण ओळखलं नाही. लेलँड पामर, म्हणजे लॉराचा बाप, ज्याच्या अंगात बॉब नावाचं भूत शिरतं, तो बघताना मला तोच रुमाल दिसतो. तिथं बाप खरा की बॉब खरा, यावर लोक तीस वर्षं भांडतायत. दोघं एकाच वेळी एकाच हातात असतात, हे मी हाताच्या अंतरावरून बघितलंय.

म्हणून माझं म्हणणं असं की लाल खोली ब्लॅक लॉजही नाही आणि व्हाइट लॉजही नाही. ती विंग आहे. पुरावा म्हणशील तर १९९१ च्या शेवटच्या भागात तो बुटका माणूस कूपरला तोंडावर सांगतो की ही वेटिंग रूम आहे. त्याच जागी कूपरला स्वतःची सावली भेटते, कॉफी आधी दगडासारखी गोठते, मग पातळ होते, मग ऑइलसारखी घट्ट. कुठलीच गोष्ट अजून ठरलेली नाही. बाहेर पडताना कुठला कूपर रंगमंचावर येणार ते इथं ठरतं, आणि येतो नेमका नको तो.

आता लोकांच्या थिअऱ्या एकमेकींना का खातात, त्याचं कारण ऐक. लाल खोली आधी आली, लॉज मागून आले. ही खोली लिंचनं १९८९ मध्येच शूट केली होती, परदेशात पायलट (पहिला भाग) स्वतंत्र सिनेमा म्हणून विकायचा होता त्याला शेवट हवा म्हणून. तेच तुकडे पुढं कूपरच्या स्वप्नात वापरले. तेव्हा ब्लॅक लॉज हा शब्द मालिकेत कुठं नव्हता. तो हॉक या मूळनिवासी पोलिसाच्या तोंडी आला डिसेंबर १९९० मध्ये: प्रत्येक आत्म्याला पूर्णत्वाकडे जाताना ब्लॅक लॉजमधून जावं लागतं, तिथं आपली सावली भेटते, आणि धैर्य अपुरं पडलं तर आत्मा शिल्लक राहत नाही. हा सगळा मामला फ्रॉस्टच्या बाजूचा, थिऑसॉफी या गूढविद्येच्या पंथातून उचललेला. उंबरठ्यावरचा रखवालदार, डुग्पा नावाचे काळे साधक, हे सगळं तिकडचं. (त्या पंथाचे संस्थापक ब्लाव्हात्स्की आणि ऑल्कॉट १८७९ मध्ये मुंबईत उतरले, अड्यारला जायच्या आधी मुंबईतच ठाण मांडून होते. म्हणजे ब्लॅक लॉजचा रस्ता मुंबईवरून जातो. घ्या.)

फ्रॉस्टला नकाशा आवडतो. लिंचला खोली आवडते. शेवटच्या भागात लॉजचा प्रसंग लिहून दुसऱ्यांनी दिला होता, लिंचनं सेटवर तो बराचसा बाजूला ठेवला आणि आपले लाल पडदे लावले. दोन माणसांच्या दोन वेगळ्या गोष्टी एका चार्ट पेपरवर बसवायला गेलास तर ओडेसाच काय, काहीच बसणार नाही.

आणि बॉब. ही गोष्ट माहीत नसेल तर ऐकच. बॉब झालेला फ्रँक सिल्वा हा नट नव्हता, सेट ड्रेसर होता, आपल्या भाषेत नेपथ्यवाला. लॉराच्या खोलीत सामान हलवत होता, कुणीतरी म्हणालं बघ हां, स्वतःला आत कोंडून घेशील. ते लिंचच्या कानावर पडलं आणि त्यानं सिल्वाला पलंगाच्या पायथ्याशी बसवून एक शॉट घेतला, कशासाठी ते ठरलेलं नसताना. त्याच दिवशी नंतर लॉराच्या आईच्या किंकाळीचा शॉट झाला, तर कॅमेरामन म्हणाला खराब झाला, आरशात सिल्वा दिसतोय. लिंचनं तोच ठेवला. त्या मालिकेतलं सगळ्यात भयंकर भूत विंगेतून चुकून आत आलं. आमच्याकडं असा माणूस प्रवेशात दिसला तर परीक्षक गुण कापतात.

चॅनेल_बदल

विंगेतला दादा, छान लिहिलंय, पण तुम्ही नाटकवाले सगळ्यात नाटकच बघणार. माझ्या मते ही मालिका टीव्हीबद्दल आहे. युट्यूबवर साडेचार तासांचा एक व्हिडिओ आहे, त्यात हे सविस्तर मांडलंय. आत्मे खातात ते गारमनबोझिया, म्हणजे वेदना आणि दुःख, आणि ते दिसतं कसं तर क्रीमवाल्या मक्यासारखं. लोक रोज रात्री जेवणाच्या ताटाबरोबर दुसऱ्याच्या पोरीचा खून बघतात, तेच हे. लिंचला खुनी कोण ते सांगायचंच नव्हतं, वाहिनीच्या दबावामुळं सांगावं लागलं. दुसऱ्या सीझनमध्ये खुनी कळला आणि प्रेक्षक उठून गेले. भूक भागली, पुढं काय? १९९२ चा सिनेमा सुरू होतो तोच टीव्ही संच फोडण्यापासून, हे विसरू नका.

लॉज म्हणजे वाहिनी. पडदा म्हणजे स्क्रीन. आत्मे विजेच्या तारांतून फिरतात, कारण कार्यक्रम विजेवर चालतो. इतकं सरळ आहे.

विंगेतला

चॅनेल भाऊ, टीव्ही फोडल्याचं बरोबर आहे, आणि मक्याचंही मला पटतं. पण साडेचार तास एकाच किल्लीनं सगळी कुलपं उघडायची म्हणजे निम्मी फोडावी लागतात. २०१७ चा आठवा भाग घ्या. १६ जुलै १९४५, न्यू मेक्सिकोत पहिल्या अणुबॉम्बची चाचणी, कॅमेरा त्या ढगाच्या आत शिरतो आणि तिथून बॉब बाहेर पडतो. त्याच्या उत्तराला फायरमन एक सोनेरी गोळा पृथ्वीवर सोडतो, त्यात लॉराचा चेहरा. हा टीव्हीवरचा विनोद समजायचा तर फार महागडा विनोद झाला. तो प्रसंग बघताना मी हेडफोन काढून ठेवले होते. एवढं पांढरं मी माझ्या कुठल्याही लाइटमधून काढू शकत नाही.

विजेबद्दल मात्र बोलू, ते माझं खातं आहे. कूपर लॉजमधून बाहेर येतो तो भिंतीवरच्या प्लगातून. पुढं पंधराव्या भागात तो सॉकेटमध्ये काट्याचा चमचा घालतो तेव्हा कुठं शुद्धीवर येतो. हा प्रकार घरी कुणी करू नये, अर्थिंग बघितल्याशिवाय तर अजिबातच नाही.

शिरोळकरीण

मी संस्कृत शिकवते, त्यामुळे उशिरा का होईना तोंड घालतेच. 'स्वप्न बघणारा आणि मग त्याच स्वप्नात राहणारा' हे जे वाक्य २०१७ च्या भागात मोनिका बेलुची बोलते, ते लिंच आधीपासून उपनिषदातलं म्हणून आपल्या एका सिनेमाच्या खेळांआधी वाचून दाखवत असे. शब्द त्याने मोकळे घेतलेत, पण त्याच्या आसपासचा भाग बृहदारण्यकाच्या चौथ्या अध्यायात खरोखरच आहे. याज्ञवल्क्य जनकाला सांगतो की पुरुषाची स्थानं दोनच, हे आणि परलोक. तिसरं स्वप्नाचं, आणि ते दोहोंच्या सांध्यावर. त्या सांध्यावर उभं राहिलं की दोन्हीकडचं दिसतं. तिथे रथ नसतात, रस्ते नसतात, माणूस स्वतःच ते निर्माण करतो. विंगेतले दादा, तुमची विंग याज्ञवल्क्याला मान्य झाली असती.

पण माझा आक्षेप ओडेसाबद्दल आहे. चाहत्यांचा एक मोठा गट म्हणतो की ते आपलं खरं जग. कारण शेवटी पामरांच्या घराचं दार उघडते ती बाई त्या घराची खरीखुरी मालकीण आहे, वॉशिंग्टन राज्यातल्या एव्हरेटमधल्या त्या घरात प्रत्यक्षात राहणारी. तिने नाव मात्र ॲलिस ट्रेमंड सांगितलं आणि आधीच्या मालकिणीचं चालफॉन्ट, आणि ही दोन्ही नावं लॉजशी संबंधित लोकांची आहेत! म्हणजे जग खरं असेल तर मधे मालिकेतली माणसं आली कशी? मला ते खरं जग पटत नाही.

आणखी एक. नववी गल्ली, तुमच्या नकाशात ग्लास्टनबरी ग्रोव्ह आहे ना, लॉजचं दार? बारा सिकॅमोरची झाडं गोलात, मधे जळक्या ऑइलचं डबकं. एका रविवारी खिद्रापूरला जा. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात आतल्या वर्तुळात बारा खांब आहेत, वर छताला गोल झरोका, खाली त्याच मापाची गोल शिळा. तिथे उभं राहून वर पाहिलं की झरोक्याच्या कडेने दिक्पाल दिसतात. लिंच खिद्रापूरला आला होता असं मी म्हणत नाही, त्यांचे बारा राजा आर्थरच्या कथेतून आले असावेत, कारण कूपर स्वतः आर्थरच्या समाधीचा उल्लेख करतो. पण दार कसं बांधतात ते आपल्याकडे शिलाहारांच्या काळापासून माहीत आहे. खांबांमधून वारा येतो आणि शिळेवर उभ्या माणसाचा आवाज जरा बदलतो, तेवढं ऐकून या.

उलटा_आवाज

ताई, दार उघडायची वेळ राहिली. मालिकेत गुरू-शनीची युती झाली की दार उघडतं. कथा घडते फेब्रुवारी-मार्च १९८९ मध्ये. माझे आजोबा पंचांगवाले, त्यांना विचारलं. म्हणाले, गुरू-शनीची युती साधारण वीस वर्षांनी येते. १९८१ ला झाली, मग २००० ला, मग २१ डिसेंबर २०२० ला. १९८९ ला कुठली? आजोबांच्या मते पटकथालेखकांनी जरा पैसे टाकून पंचांग घ्यायला हवं होतं. अंबाबाईचा किरणोत्सव बघा म्हणाले, नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेर ठरल्या दिवशी मावळतीची किरणं मूर्तीपर्यंत पोचायला बघतात, ढग आडवे आले तर गोष्ट वेगळी. दार उघडायचं तर असं हिशेबानं उघडावं.

नववी_गल्ली_राजारामपुरी

बाप रे, मी जेवायला गेलो आणि इथं प्रबंध झाला. सगळ्यांचे आभार. पैजेचा निकाल विंगेतले दादांच्या बाजूनं लागतोय म्हणजे भांडी माझ्याकडेच.

पण दादा, शेवटच्या प्रसंगाचं तुमचं काय? आणि जूडी या दुष्ट शक्तीसाठी लावलेला सापळा, ही थिअरी? त्यात म्हणतात, फायरमननं पहिल्याच भागात कूपरला ४३०, रिचर्ड आणि लिंडा, एका दगडात दोन पक्षी असं सांगून ठेवलेलं. म्हणजे लॉराला वाचवायचं आणि जूडीला तिच्याच घरात पकडायचं, ओडेसा हे त्यासाठी बांधलेलं पिंजऱ्यासारखं जग.

विंगेतला

सापळ्याची थिअरी हुशार आहे, पण तिच्यात कूपर जिंकतो. त्याचा चेहरा बघ रे शेवटचा. रस्त्यावर उभा आहे, अंग थोडं वाकलेलं, पाऊल पुढं टाकतो आणि साल विचारतो. हा जिंकलेला माणूस नाही. सतराव्या भागात तो १९८९ च्या त्या रात्री परत जाऊन लॉराचा हात धरतो, तिला जंगलातून नेतो, आणि हातातून ती निसटते. झालेला प्रवेश परत करता येत नाही हे कुठल्याही नाटकवाल्याला कळतं. वाक्य चुकलं तर पुढं जायचं. मागं जाऊन दुरुस्त करायला गेलास तर समोरच्या नटाला आपण कुठल्या प्रवेशात आहोत तेच कळेनासं होतं. कॅरी पेजचं तेच झालंय. दोघंही भलत्याच नाटकात उभे आहेत.

आता शेवटच्या काही सेकंदांत काय होतं ते नीट बघ. आधी घरातून आईची हाक येते, अगदी पुसट, लॉरा म्हणून. मग कॅरी किंचाळते. मग घरातले दिवे फाटकन जातात. फेड आउट नाही हां, मेन बंद केल्यासारखे. त्यात आवाजसुद्धा तसाच आहे.

मी हे ताईंच्या पोस्टनंतर परत बघितलं, कारण बृहदारण्यकाचं भाषांतर घरात होतं, वडिलांचं. तोच संवाद सुरू कुठून होतो माहीत आहे का? जनक विचारतो, माणूस कुठल्या उजेडानं वावरतो? याज्ञवल्क्य म्हणतो सूर्याच्या. सूर्य मावळल्यावर? चंद्राच्या. तोही मावळल्यावर? अग्नीच्या. अग्नी विझल्यावर? वाणीच्या. स्वतःचा हात दिसत नाही अशा अंधारात जिकडून आवाज येतो तिकडं माणूस जातो. एक डिमरवाला म्हणून सांगतो, ही क्यू-शीट आहे, कुठला दिवा कधी ते लिहिलेला कागद. एकेक सर्किट खाली घ्यायचं आणि शेवटी आवाज ठेवायचा. लिंचनं क्रम फिरवला: आवाज आधी दिला, त्या आवाजानं तिला ती कोण आहे ते आठवलं, आणि मग मेन पाडला. ओडेसाचं जग खरं होतं की पिंजरा, याच्याशी मला देणंघेणं नाही. ते लावलेलं होतं, आणि ते पडलं.

शिरोळकरीण

संवाद वाणीवर संपत नाही, दादा. जनक पुढे विचारतो वाणीही थांबल्यावर काय, आणि याज्ञवल्क्य म्हणतो आत्मा. तो भाग तुमच्या क्यू-शीटमध्ये घालून दाखवा.

विंगेतला

तेवढं बजेट स्पर्धेत मिळत नाही ताई.

चॅनेल_बदल

माझं अजून टीव्हीच. दिवे गेले म्हणजे संच बंद झाला.

एक_नवा_प्रेक्षक

मी अजून काही बघितलेलं नाही आणि तरी सगळं वाचलं. कुठून सुरू करू? सिनेमा आधी बघितला तर चालेल का?

विंगेतला

नको. १९९०-९१ चे दोन्ही सीझन आधी, पायलट धरून तीस भाग. दुसऱ्या सीझनच्या मधे खुनी कळल्यावर बरेच भाग रेंगाळतात, तिथं सोडू नकोस, शेवटचा भाग लिंचनं स्वतः केलाय. मग १९९२ चा सिनेमा, तो टाळलास तर अंगठी, हिरवं टेबल आणि एफबीआयचा फिलिप जेफ्रीज पुढं कुठून आले ते कळणार नाही. त्यानंतर २०१७ चे अठरा भाग, सगळे लिंचचे. आठवा भाग मोबाइलवर बघू नकोस, टीव्ही लाव आणि खोलीतला दिवा बंद कर. पायलट निवडताना मात्र बघून घे, परदेशासाठी जादा शेवट जोडलेली आवृत्ती लागली तर खुनाचा निकाल पहिल्याच बैठकीत लागेल.